आबांचं शेवटचं पान

११ जाने., रवि.
मैतू आता अक्षरं लावून वाचते. आज चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली. आमचे हे वळ गावातल्या पुस्तकांच्या गोदामात वॉचमन होते, तेव्हा कव्हर फाटलं म्हणून बाजूला टाकलेलं त्यांनी नातीसाठी मागून आणलेलं. पानभर चित्र, खाली चार ओळींची कविता. मांजराच्या पानावर बोट ठेवून वाचत होती, मध्येच थांबली.
"आजी, आबांची कविता इथं नाहीच."
म्हटलं, आबांना वाचता येत नव्हतं बाळा. ते चित्र बघून मनानंच म्हणायचे.
"म्हणजे खोटं?"
भाजी करपत होती. उठले.

१२ जाने.
खोटं नाही, हे कालच सांगायला हवं होतं.
हे गेले त्याला दिवाळीत वर्ष झालं. त्यांच्या कविता मी कधी ऐकल्याच नाहीत. माझी पॅकिंगची दुपारपाळी, घरी आजोबा-नात दोघंच. आता छापलेलं वाचता यायला लागलं की आबांचं पुसलं जाणार. सहा वर्षांच्या डोक्यात किती राहील? आहे तोवर तिच्याकडून काढून घ्यायचं.

१४ जाने.
शेजारून आलेला तीळगूळ कामी आला. मांजराचं पान मिळालं:
माऊबाई, काय गं, ड्युटीला आली न्हाय?
शेठच्या घरी दूध सांडलं, पुसल्याबिगर जमतंय काय?
वॉचमन व्हायच्या आधी सगळा जन्म यंत्रमागावर, लूमवर काढलेला माणूस. सूनबाई प्रज्ञा पोट धरून हसली. "बाबांनी मांजराची पण हजेरी घेतली!" मीही हसले. नंतर बराच वेळ भांडी घासत बसले.

१७ जाने.
चांदोबाचं पान:
चांदोबाची रातपाळी, महिन्याला एक खाडा
शेठ म्हनतो, पगारातनं एक दिवस काढा.
अमावास्येला खाडा! छापलेल्या कवितेत चंद्र आकाशात हसतो, एवढंच आहे. विहाराच्या वाचनालयातली निम्मी कपाटं मी वाचली असतील. मला हे सुचलं नसतं.
खोक्यांवरचे पत्ते लावत लावत मी वाचायला शिकले, तेव्हा हे गल्लीभर सांगत फिरले होते, "आमच्या घरात वाचणारीन हाय, मला काय गरज?"

२० जाने.
बेडूक, बैलगाडी, पतंग, सगळं झालं. शेवटचं पान राहिलं. चित्रात उघडं दार आणि अंगणात रिकामा झोपाळा.
मैतू म्हणाली, "ह्याला शब्द नाहीत. आबा नुस्तं असं करायचे." हात वर केला, बोटं दोनदा मिटली-उघडली, मग हात छातीवर ठेवला.
हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तोंडावर मास्क होता. त्यांनी मला हेच केलं होतं. मला वाटलं पाणी मागतायत. मी नर्सला विचारायला बाहेर गेले आणि
पुढचं आज नाही.

२१ जाने.
लूमच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही. कामगार ओठांनी, हातांनी बोलतात. हे घरात जेवतानाही मीठ हातानंच मागायचे. तो इशारा मला कळायचा. हा माहीत नाही.
सलीमभाईंना विचारायचं. ह्यांच्या शेजारच्या लूमवर होते, अजून नारपोलीतच राहतात.

२५ जाने., रवि.
नारपोलीला जाऊन आले. मैतूला घेतलं, इशारा तिनंच दाखवावा म्हणून. सलीमभाईंना आता ऐकू कमी येतं, ओरडून बोलावं लागतं. चहा झाल्याशिवाय विषय काढू देईनात.
"भाभी, आपका आदमी मुँह से कम बोलता था, हाथ से गाली ज़्यादा देता था." मैतूला हसू आवरेना.
तिनं हात केला. ते लगेच म्हणाले, "अरे, ये तो रोज़ का था हमारा. मेरा लूम देख लेना, मैं अभी आया. बीड़ी पीने जाना हो, यही करते थे."
मी हातातला कप खाली ठेवला.
मग तेच थांबले. "बेटा, फिर से कर. हथेली किधर?"
मैतूनं परत केला. ह्या वेळी तळवा बाहेर.
"ऐसे तो अलग है. हथेली अपनी तरफ़, तो अभी आया. बाहर की तरफ़, तो पाली ख़तम, मैं चला." माझ्याकडं बघून आवाज खाली आणला. "भाभी, अस्पताल में किधर थी?"
मला आठवत नाही. मी त्यांच्या कोरड्या पडलेल्या ओठांकडं बघत होते.

२७ जाने.
मैतू एकदा असं करते, एकदा तसं. किती वेळा विचारलं. शेवटी रडली.
प्रज्ञा बोलली, "आई, किती पिळाल पोरीला? आता ती तुम्हाला काय हवंय ते बघून हात फिरवते."
खरं आहे. विचारणं बंद.

१ फेब्रु., रवि.
प्रत्येक पानावर छापलेल्या कवितेखाली पेन्सिलीनं आबांच्या ओळी लिहिल्या. हाय, न्हाय, जसं बोलायचे तसं. मैतूनं सगळं मोठ्यानं वाचलं. आधी वरची कविता, मग खालची.
"आजी, खरी कुठली?"
"दोन्ही."
"आणि शेवटच्या पानावर?"
तिथं पेन्सिल टेकवली आणि उचलली. काय लिहू?

२ फेब्रु.
कामावर निघाले तर मैतू उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली. मी तिला हात केला, बोटं दोनदा मिटली, छातीवर ठेवला. तळव्याचा विचार केला नव्हता. तो आपोआप माझ्याकडं वळला होता.
तिनं मान वर न करता सांगितलं, "बघते. जा तू."
ह्यांचाही आपोआपच वळला असेल. कुठं वळला, ते
रिक्षात पुन्हा हात करून बघितला. आधी आत, मग बाहेर. दोन्ही वेळा तो त्यांचाच वाटला.