अपोर्टचं कलम

अल्माटी, २ मार्च

ती. दादा,
सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही, माफ कर. तुझा फोन कायम आईच्या हातात असतो, म्हणून हे कारखान्याच्या पत्त्यावर लिहितेय.

पायाच्या शस्त्रक्रियेसाठी आई तुझ्याकडे आली आणि अंगणातलं अपोर्ट सफरचंद रोग लागून तोडावं लागलं, जाळावंही लागलं. तिला हे अजून माहीत नाही. ती बावीस तारखेला नौरूझच्या सणासाठी परतायच्या आत नवं कलम जमिनीत हवं, मगच सांगायचं, असं आपलं ठरलंय. रोज नेटवर रोपवाटिका धुंडाळते. अकरा ठिकाणी 'अस्सल अपोर्ट' आहे आणि अकराही ठिकाणी फोटो एकच! एकाला विचारलं, कलम कुठल्या खुंटावर बांधलंय? म्हणाला, ताई, बुटका देऊ की उंच? डोंगरातल्या रानसफरचंदाच्या खुंटाशिवाय अपोर्टचं काही खरं नाही, असं बाबा म्हणायचे. ते असते तर फोनमध्ये हात घालून त्याचा कान पिळला असता.

बारावी जागा तालगरजवळची. फोटोत लोकरी हातमोज्यातलं एक फळ, त्यावर डाग. डाग लपवला नाही म्हणून विश्वास बसला. मागणी नोंदवलीय.

आणखी एक. रोग वाऱ्यानं आला असं मी तुला सांगितलं होतं. खरं म्हणजे शेजाऱ्यांच्या रोगट नासपतीवर चालवलेली करवत मी न पुसता आपल्या झाडाला लावली.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मरझान

कारागांडी, ८ मार्च

चि. मरझान,
अ. उ. आ.

करवतीचं वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातसुद्धा बोललो नाही. असो. इथे प्रसंग बिकट आहे. जानेवारीत तू ताजा म्हणून पाठवलेला झाडाचा जुना फोटो आई येईल त्याला दाखवते. काल म्हणाली, या फांदीची दोरी तर मी उन्हाळ्यातच सोडली होती. मी म्हटलं, मरझाननं पुन्हा बांधली असेल. तर म्हणते, तिला गाठ कधीपासून मारता यायला लागली? मी हसलो. ती हसली नाही.

रोप लवकर मिळव. मला आता खोटं सुचेनासं झालंय. जपून राहा, वेडे.

तुझा दादा,
ओराझबेक

अल्माटी, १४ मार्च

ती. दादा,
सा. न. वि. वि.

आज तालगरहून रोपवाटिकेच्या कुल्याश आपांचा फोन आला. पत्ता वाचून म्हणाल्या, तू बातिमाची मुलगी ना? तीस वर्षांपूर्वी त्या आपल्याकडे पाहुण्या आल्या होत्या. चहा पिताना त्यांनी आईकडे कलमाच्या काड्या मागितल्या. पाहुण्यानं तोंडानं मागितलेलं नाकारायचं नाही ही आपली रीत, म्हणून आईनं दिल्या. त्यांच्याकडची सगळी अपोर्टं आपल्याच झाडाची आहेत, दादा!

मी रडायलाच लागले. लगेच पाठवा म्हटलं. तर म्हणाल्या, तिनं मला दिलं ते मी तिच्याच घराला विकू? मी मागितलं तसं तिलाही माझ्याकडे तोंडानं मागू दे, मी स्वतः घेऊन येते. मी गयावया केली, आईला काही माहीत नाही म्हटलं. त्या जराही बधल्या नाहीत. म्हणाल्या, मग पोरी, झाड लावतेस कुणासाठी?

फोन ठेवल्यावर मी स्वतःलाच विचारलं : इतके महिने मी आईचं दुःख टाळत होते, की करवतीची कबुली? हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. आता काही दिवस आईच्या जवळ बसत जा. लोभ दोघींवर असू दे.

मरझान

(मरझानच्या वहीत, १४ मार्च) उद्याचं काम : सकाळी नऊला आईला फोन. सुरुवात करवतीपासून.