मनूच्या ॲडमिशनला गावभरचे सल्लागार

वडसा,
जून १९८६

आदरणीय देवराव भाऊ,

तुम्हाला आणि आशा वहिनीला सत्यशीलाचा मनापासून जयभीम. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तब्येती बऱ्या आहेतच, डोकी तेवढी ठिकाणावर नाहीत. वहिनीचा गुडघा कसा आहे? पाणी भरायला जिना उतरणं तिनं बंद केलं की अजून तुमचं ऐकत नाही? तुमच्या बी.पी.ची गोळी चालू असेलच. (नसेल तर हे पत्र वाचायच्या आधी चालू करा.)

मनू बारावी सायन्सला एकाहत्तर टक्क्यांनी पास झाली हे तारेनं कळवलं होतं. तुम्ही पेढे वाटलेत असं कळलं. भाऊ, घाई केलीत. पोरगी नापास झाली असती तर दोन दिवस रडलो असतो, ऑक्टोबरचा फॉर्म भरला असता आणि मोकळे झालो असतो. पास झाली आणि आमच्या घराचं बसस्टँड झालं. वर्षभर लाईट गेली की ती कंदिलापुढे डोळे फोडत बसायची, तेव्हा तेल आहे का म्हणून कोणी विचारलं नाही. आता येणारा प्रत्येकजण तिचं भविष्य खिशात घालूनच येतो. शेजारी भैयाजी राहतात, सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, स्वतः सातवीतून पळालेले. ते पंक्चर काढता काढता सांगतात, डॉक्टरच करा. एवढ्या टक्क्यांवर डॉक्टरकी मिळत नाही म्हटलं तर म्हणतात, "मंग गुराईची कर म्हना जी, गुरं कुठी टक्के विचारतेत?" भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कलाबाई म्हणतात डी.एड. करा, मास्तरणीला मास्तर नवरा आपोआप मिळतो. (त्यांच्या पुतणीला मिळाला. ती एटापल्लीला आहे आणि तो सिरोंच्याला, वर्षातून दोनदा भेटतात.) आणि गंमत अशी की सगळ्यांची सुरुवात एकच, "बाबासाहेबांनी शिका म्हटलं आहे." शेवटही एकच, "पण शेवटी पोरीची जात आहे, जवळच असलेली बरी." या दोन वाक्यांच्या मधे जे काय असेल ते मार्गदर्शन.

मनूच्या बाबांचं तुम्हाला माहीत आहे. राइस मिलमध्ये दिवसभर माणसं भेटतात, आणि ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं त्याचं मत ते यांचं मत. सकाळी डबा घेऊन निघताना मनू डॉक्टर असते, संध्याकाळी घरी येईपर्यंत तलाठी झालेली असते. एकदा तर तिला बँकेत लावून आले होते, फक्त कोणत्या बँकेत ते विसरले.

मनूला काय पाहिजे हे विचारायला मात्र कोणाला सवड नव्हती. तिला शेतकी कॉलेजात जायचं आहे. मागच्या वर्षी आपल्या धानावर करपा आला तेव्हा ती करपलेली पानं घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत गेली होती. सरांनी पानं उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही. तेव्हापासून तिनं मनात धरलं की जिथे हे अभ्यासक्रमात आहे तिथेच जायचं. हे गावात कळलं आणि हसू झालं. भैयाजी तर हातातला पाना खाली ठेवून हसले. "चिखलात उभं राहाले नागपूरले कायले पाठवता जी? इथी आमच्या धानाच्या बांधीत उभी करा, फी बी लागत नाई."

त्यात शाळेनं मार्गदर्शन मेळावा ठेवला. नागपूरहून एक मोठे साहेब येणार, ते मुलांचे मार्क पाहून सांगणार कोणी काय व्हावं. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. साहेबांची नागभीडला गाडी चुकली, त्यामुळे ते आले तेव्हा कपड्यांची इस्त्री आणि लोकांचा उत्साह दोन्ही गेले होते. आल्यावर त्यांनी भिंतीवर एक तक्ता टांगला, सगळे बाणच बाण. अर्धा तास समजावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तक्ता उलटा आहे. (तोवर डॉक्टर होऊन मग दहावी पास व्हायचं असं आम्ही समजलो होतो.) मग ते जहाजावरच्या नोकऱ्यांबद्दल बोलले. भाऊ, आमच्याकडे वैनगंगेत डोंगा चालतो, तोही पूर आला की बंद. शेवटी म्हणाले, प्रत्येक मुलाचा कल ओळखा. मागून मुखरू उठला, हात जोडून म्हणाला, "साहेब, माह्या पोराचा कल झोपेकडे हाय, त्याचं कोनतं कॉलेज?" साहेब तक्ता गुंडाळू लागले, पोरांना हसू आवरेना आणि मेळावा तिथेच संपला. मनूनं हात वर केला होता. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

पण या सगळ्यांना पुरून उरले ते गेडाम सर. इथून जवळच यंदा नवीन आर्ट्स कॉलेज निघालं आहे, सर तिथे शिकवतात. ठरलेली विद्यार्थीसंख्या झाली नाही तर मान्यता जाते आणि मान्यता गेली की सरांची नोकरी जाते. त्यामुळे ते फटफटीवर बसून गावोगाव पोरं गोळा करत फिरतात. माणूस वाईट नाही. पण आमच्या घरी रोज येऊ लागले. खाटेवर बसायचे, चहा घ्यायचे आणि नागपूर किती वाईट आहे ते सांगायचे. (तुम्ही तिथे इतकी वर्षं जिवंत कसे, असा प्रश्न मला पडला.) मनू म्हणाली, सर, मला सायन्स घ्यायचं आहे. सर म्हणाले, "मंग राज्यशास्त्र घे न बेटा, ते बी शास्त्रच होय!" आणि एक दिवस, मी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, कामाला शेतावर गेले असताना, मनूच्या बाबांनी त्यांना शब्द दिला. मनू बी.ए. करेल. घरून जाईल, घरी येईल. झालं.

घरी आले तर चूल थंड. मनू रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पायरीवर बसली होती. म्हणाली, "आई, मी बी.ए. करतो. बाबाच्या शब्दाचं हसं नाई करत. पण आता मले धान कायले करपला ते कोनी विचारू नका." आणि आत जाऊन भात टाकला.

भाऊ, लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांच्याशी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. हे एकच धरून बसले, शब्द दिला आहे. मी म्हटलं, "शब्द तुमचा होता, तुमी द्या. पोरगी कायले देता?" कलाबाई भिंतीपलीकडे खोकलासुद्धा दाबून ऐकत होत्या. यांनी ताटावरून उठून मनूला हाक मारली आणि विचारलं, "शेतकीले नेमकं शिकवतेत काय?" तिनं सांगितलं. ती सांगत राहिली आणि यांचा भात वाळला. पोरगी इतकं बोलते हे त्यांना पहिल्यांदा कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी गेडाम सर आले. त्यांचंही समाधान केलं. कसं केलं ते लिहीत बसत नाही.

तर मनू येत्या रविवारी निघते. हे नागभीडला गाडी बदलून देतील, तुम्ही इतवारी स्टेशनवर या. सोमवारी तिला ॲडमिशनसाठी शेतकी कॉलेजात न्या, आणि होस्टेल मिळेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या. तिला सल्ला तेवढा देऊ नका, तिचा कोटा इथे पूर्ण झाला आहे.

तुमची लहान बहीण,
सत्यशीला

ता. क. – मनूसोबत चिन्नोर तांदूळ पाठवते आहे. वहिनीला म्हणावं, पाणी बेतानं घाल.

ता. क. २ – वहिनीची बी.ए.ची पुस्तकं माळ्यावर असतील. मराठीची आणि इतिहासाची काढून ठेवा, हे इकडे येणाऱ्या कोणा माणसाच्या हाती मागवतील. राज्यशास्त्राचं असेल तर तेही. मनूसाठी नाही.

ता. क. ३ – आता लिहितेच. त्या दिवशी गेडाम सर खाटेवर बसून रडकुंडीला आले. मी विचारलं, सर, तुमाले मनूच पायजे की एक नाव पायजे? म्हणाले, "खरं सांगू बाई, नाव पायजे." मी म्हटलं, मग माझं लिहा, मी पी.यू.सी. पास आहे, बी.ए.ला तेवढं चालतं. मनूच्या बाबांच्या हातून चहा सांडला. पण नाही म्हणाले नाहीत. शब्द पाळला गेला म्हणून उलट मोकळे दिसले. सकाळचं कॉलेज आहे, स्वयंपाक आटोपून जाता येतं. भैयाजींनी सायकल शिकवायचं कबूल केलं आहे, मी दोनदा पडलेही. तुमच्याकडे राहून पी.यू.सी. केलं तेव्हा स्थळ आलं, आणि मी रडत होते तर तुम्ही म्हणाला होता, "लग्न झाल्यावर बी शिकता येते वो, सत्या." तुम्ही मला समजवायला म्हणाला असाल. मी खरं मानलं होतं. पुस्तकं लवकर पाठवा, पुढच्या सोमवारी माझा पहिला तास आहे.