टाकीचा पोचा आणि तुमची पळी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थरूप काशीराम भावोजी यांस,

पायांना हात लावून (गुडघ्यांच्या तक्रारीमुळे सध्या मनातल्या मनात) आनंदाचा नमस्कार. वेणूताईचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. नसेल तर तिला डॉक्टरकडे न्या; काढ्यावरची तिची श्रद्धा मला मान्य नाही, हे मी तिला तोंडावरही सांगितलं आहे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं ती विचारेल. फोनवर तुम्ही दोनदा ‘हां हां’ म्हणता आणि फोन तिच्या हातात देता, आणि माझं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही हा तिचा लहानपणापासूनचा नेम आहे. शिवाय आभार मानायचे तर लिहून मानावेत. बोललेल्या आभारांचं वजन मला ठाऊक आहे. जन्मभर सभांच्या शेवटी ते मानले जात असताना मी लोकांना चपला शोधताना पाहिलं आहे.

तर भावोजी, तुम्ही एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवलेली पळी पोचली. लग्नाघरच्या हळदीत वडे तळायची तुमची नेहमीची पळी तुम्ही ‘कशाला हवी’ हेसुद्धा न विचारता दिलीत, वर डबाभर वडे दिलेत. तुमची समजूत आम्हाला काही तळायचं होतं अशी झाली असणार. त्या पळीने काय केलं ते आता ऐका.

आमच्या दीपेशने कंटेनर यार्डातली नोकरी सोडून पळस्प्याच्या रस्त्याला शेड घेतली आणि मोटारसायकली हाताने घडवायला लागला, हे तुम्हाला माहीत आहे. मी त्याच्या बाजूने होतो (श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी जितकं बोललो आहे तितकं या तालुक्यात कोणी बोललेलं नाही). त्याची आई चंद्रावती मात्र नव्हती. तिने मुलाला सरळ सांगितलं होतं: दसऱ्याला पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिली तर शेड ठेव, नाहीतर मुकाट्याने यार्डात परत जा. गिऱ्हाईक म्हणजे उलव्याचा हितेश, जमिनी गेल्यावर बांधकामाच्या धंद्यात उतरलेल्या घरातला मुलगा. त्याला टाकी ॲल्युमिनियमची हवी होती, आणि रंग न देता नुसती घासून चकाकणारी. दीपेशने पत्रा ठोकून, वळवून, जोडून ती अशी केली की तिच्यात बघून दाढी करावी.

घटस्थापनेच्या सकाळी शेडमध्ये गाडीची पूजा ठेवली. नारळाबद्दलचं माझं मत तुम्ही जाणता. नारळ हा खायचा पदार्थ आहे. यंत्राला तो आवडतो असा पुरावा मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही. तरीही चंद्रावतीने तो माझ्या हातात दिला आणि फोडायला सांगितलं. समोर आळीतली माणसं उभी, हातात वस्तू, मनात विचार, मी बोललो. चांगलं बोललो. आता माझी एक सवय अशी की वाक्याच्या शेवटी माझा उजवा हात जोरात खाली येतो. एरवी तिथे टेबल असतं. ‘रूढींच्या डोक्यावर घाव घातल्याशिवाय’ असं ते वाक्य होतं, आणि घाव टाकीवर बसला.

पहिल्यांदा बोलली ती शेजारची हौसाकाकू. ‘नारल फुटला नाय, टाकी फुटली,’ म्हणाली. (टाकी फुटली नव्हती. वाटीएवढा पोचा पडला होता. पण खंडन करायचं मला त्या वेळी सुचलं नाही.) दीपेश ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याने नुसतं फडकं उचललं आणि टाकीवर टाकलं, जसं आपण गेलेल्या माणसावर टाकतो.

मग सल्ले आले. उकळतं पाणी ओता आणि वर बर्फ धरा. पंपाने हवा भरा (यावर दीपेश म्हणाला, मग टाकीचा फुगा होईल). लांबी (म्हणजे पुट्टी) भरून वरून रंग मारा, हा सर्वांत शहाणा सल्ला, पण रंगच द्यायचा नव्हता तर लांबी लपवणार कशात? मीही स्वस्थ बसलेलो नव्हतो. मी चुंबकाने पोचा ओढून काढायचा सिद्धांत मांडला, त्यासाठी माझा जुना लाऊडस्पीकर, ज्याने कित्येक मोर्चे गाजवले, तो स्वतःच्या हाताने फोडला आणि त्यातला चुंबक टाकीला लावला. तो घसरून माझ्या पायावर पडला. दीपेश म्हणाला, ‘बाबा, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाय.’ हे त्याने मी लाऊडस्पीकर फोडण्याआधी सांगायला हवं होतं. तो म्हणतो, सांगितलं होतं, मी बोलत होतो.

खरा उपाय एकच होता: पोचा आतून हळूहळू बाहेर ढकलायचा. आत जायची वाट मात्र एकच, पेट्रोल भरायचं तोंड. त्यातून हात जात नाही. दीपेशकडच्या सळ्यांची टोकं पत्र्याला भोसकतील अशी. गोल, गुळगुळीत डोक्याचं, लांब दांड्याचं काहीतरी हवं होतं. तो हे आईला सांगत नव्हता, नुसता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून जेवण नको म्हणत होता. भाकरी थापता थापता चंद्रावती म्हणाली, ‘भावोजींची वड्यांची पळी आठवते का तुला? तिच्या दांड्याचं डोकं सुपारीसारखं गोल हाय.’ यार्डाची वाट दाखवणारी तीच, आणि पळी सुचवणारीही तीच. यावर मी पुष्कळ विचार केला आहे, निष्कर्ष निघालेला नाही.

पळी आली. दीपेशने तिच्या दांड्याला बाक दिला (तुमच्यासाठी तशीच नवी घेतली आहे, पाठवतो). मला काम मिळालं ते टाकी मांडीवर धरून बसायचं, आणि अट अशी की बोलायचं नाही, कारण बोलताना माझे गुडघे हलतात. मी विरोध करणार होतो, पण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

भावोजी, एक अख्खी दुपार मी गप्प होतो. पत्रा जरा गरम करायचा, आतून पळीने दाबायचं, बाहेरून लाकडी हातोडीने पोच्याच्या कडांवर टिचक्या मारल्यासारखं ठोकायचं, थांबायचं, बोटं फिरवायची, पुन्हा दाबायचं. जोर केला तर धातू ताणला जातो आणि मग कधीच जागेवर येत नाही. मुलाचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला होता आठवत नाही. सभेत माणसं लांब बसतात. तो दाबताना जीभ दातात धरतो, आपल्या ताईसारखी. हे मला तुमच्या पळीने दाखवलं, म्हणून हे आभार.

पोचा गेला. अगदी गेला असं नाही; उन्हात तिरकं धरलं तर बोटाएवढी सावली दिसते. मी म्हटलं, गाडी सावलीत उभी करू. दीपेशने दसऱ्याला ती हितेशच्या दारात उन्हातच उभी केली आणि सावली स्वतः दाखवली, कशाने झाली तेही सांगितलं. चंद्रावती माझ्या शेजारी पदर तोंडाशी धरून उभी होती. हितेशने बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘आमच्या हलदीला तुमचे बाबा बोलले, तवा सगळ्यांचं मटण थंड झालेलं. टाकीचं थोडक्यात निभावलं म्हणायचं.’ आणि चावी घेतली. हा शेरा मी आनंदाने पचवला आहे. दीपेशची शेड राहिली. त्याबद्दल तुमचा, तुमच्या पळीचा आणि त्या कंडक्टरचाही मी ऋणी आहे.

ताईला आशीर्वाद मागितला म्हणून सांगा.

आपला,
आनंदा

ता. क. रविवारी हितेशच्या घरी गाडीची रीतसर पूजा आहे. त्याने माइकही सांगितला आहे. घरात असं ठरलं आहे की मी जाऊ नये. ‘बंदी घातली’ असं मला चारचौघांत सांगता येणार नाही, आणि माइक असेल तिथे मी घरी बसलो यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा तुमच्या गावात रविवारी माझं व्याख्यान ठेवाल का? विषय कोणताही चालेल. श्रोते थोडे असले तरी चालतील, पण निमंत्रण तातडीचं असावं आणि फोन चंद्रावतीने उचलावा.

ता. क. २ (हे मी चंद्रावती लिहिते, ते पाकीट आणायला गेलेत.) भावोजी, फोन मीच उचलीन, तुमी काळजी करू नका. एकच सांगते. हितेशच्या दोन मित्रांनीपण दीपेशकडं गाड्या सांगितल्यात. त्या पुऱ्या होयीपर्यंत यांची व्याख्यानं तिकडंच ठेवा, ताईंना मी बोललेय.