खोक्यातलं पिल्लू

अहो,

बुटांच्या खोक्याला भोकं कोणी पाडली, ते मी विचारत नाही. घरात आपण दोघंच, आणि मांजराला स्क्रू-ड्रायव्हर धरता येत नाही. पाखराचं पिल्लू मी परत कुंपणाच्या झुडपात ठेवून आलेय. कालही तिथेच ठेवलं होतं, आणि "हातसुद्धा लावणार नाही" असं तुम्हीच म्हणाला होतात.

त्याला काही झालेलं नाही. पिसं फुटलीत, टुणटुण उड्या मारतंय, उडायला शिकतंय. रक्त दिसलं किंवा पंख लोंबत असला, तरच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. दूध पाजू नका. चमचा धुऊन ठेवलात तरी मला कळतं. मांजर आत कोंडा आणि तुम्हीही आतच बसा. त्याची आई फिरकत नाही म्हणून तुम्ही छत्री घेऊन पहारा देता, आणि तुम्ही तिथे असता म्हणूनच ती फिरकत नाही. चोचीत अळी धरून समोरच्या तारेवर बसलेली असते बिचारी, तुम्ही कधी हलताय याची वाट बघत. मी गच्चीवरून पाहिलंय.

आणखी एक. शेजारच्या काकू सांगत होत्या, मंगळवारी आपली थोरली फाटकापर्यंत आली होती. व्हरांड्यात तुम्हाला बघून तशीच परत गेली. तुम्ही मला सांगितलं नाहीत. दिसली नाही म्हणू नका, चष्मा होता डोळ्यांवर.

आज संध्याकाळी ती पुन्हा येतेय. मागच्या खोलीत बसा. तिचा चहा पिऊन झाला की मी हाक मारीन.