राहिलेलं बटण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने कोट शिवणारा शिंपी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला हृदयाच्या डॉक्टरांनी दिला आहे. हृदय मात्र ठिकाणावर नाही. त्याची एक झडप बदलायला येत्या शुक्रवारी मला टेबलावर घेणार आहेत. सगळे म्हणतात, काही होत नाही हो. ज्यांना त्या टेबलावर आडवे व्हायचे नसते ते असेच म्हणतात. मी घाबरलो आहे. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, म्हणजे पुढे अक्षर हलले तर कोणी भलता संशय घ्यायला नको.

कलम १. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडचे दुकान एवढे माझे घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. तिला सगळे धाकटीच म्हणतात, ती सहासष्ट वर्षांची आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तीस वर्षे कानाला यंत्र लावून काढली आणि निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आली. कितीही खरखर असली तरी पलीकडच्या माणसाचे नाव तिने कधी दोनदा विचारले नाही, असा तिचा लौकिक होता. हे पुढे लागणार आहे म्हणून लिहिले.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही तिचेच. त्यातून आधी अस्तरचे (माझ्या बोक्याचे, कलम ४ पाहा) औषध आणावे, मग बाकीचे बघावे.

कलम ३. थोरल्या भावाच्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला, त्याचा राखाडी कोट द्यावा. सहा वर्षांपूर्वी माप देऊन गेला आणि एकदाही घालून बघायला आला नाही. आता पोटावर बसणार नाही, पण पोट वाढवण्याआधी त्याने मला विचारले नव्हते. गेल्या वर्षी आला तेव्हा अस्तरला सुई टोचताना बघून म्हणाला, "काका, कशाला हाल करता त्याचे? एकदाच काय ते करून टाका ना." अस्तर नंतर त्याच्याच बुटावर डोके ठेवून झोपला. त्या दिवशी मी त्याला चहा विचारला नाही. कोटाचे खिसे रिकामे आहेत, शोधू नयेत.

कलम ४. अस्तर म्हणजे माझा बोका. अकरा वर्षांपूर्वी दुकानात शिरला आणि कोटाच्या अस्तराच्या कापडात जाऊन झोपला, तो आजतागायत उठलेला नाही. तीन वर्षांपूर्वी तो फार पाणी पिऊ लागला, वाळू लागला, आणि प्राण्यांच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. वकीलसाहेबांना मी विचारले की त्याच्या नावावर काही ठेवता येईल का. ते म्हणाले, "नाही. कायद्याने मांजर ही जंगम मालमत्ता आहे."

"म्हणजे माझ्या मशीनसारखी?"

"तशीच."

मशीन माझ्या आजारपणात छातीवर येऊन बसले नाही. पण कायद्याशी हुज्जत घालायला माझ्याकडे शुक्रवारपर्यंतच वेळ आहे. म्हणून अस्तर ही जंगम मालमत्ता मी धाकटीला देतो. खरी भीती इथेच सुरू होते, कारण धाकटीने दोन वर्षांत सिरिंजला हात लावलेला नाही. तिने नाही म्हटले तर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता या घरात काय होईल याचा विचार मी करू शकत नाही. स्वतःच्या मरणाचा करू शकतो.

कलम ५. सूचना. या पाळाव्यात, वाचून घडी घालून ठेवू नयेत.

औषधाची बाटली फ्रिजच्या दारात असते, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. ती हलवायची नसते, दोन तळव्यांत हळू फिरवायची असते. बाटलीवर चाळीस लिहिले आहे, म्हणून सिरिंजही चाळीसचीच, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची शंभरची असते. दुकानदार "दोन्ही सारख्याच" म्हणाला तर त्याच्याशी भांडावे, मी भांडलेलो आहे. मात्रा दोन रेघा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला.

आधी खाणे, मग सुई. खाल्ले नाही तर सुई द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. खांद्यामागची कातडी चिमटीत उचलली की खाली पोकळी होते, तिथे सुई जाते. कोटाला कच्चा टाका घालतो तितकाच जोर पुरे. जागा रोज थोडी बदलावी. साखर बघायची तर कान आधी कोमट फडक्याने शेकावा, मग कडेला टोचावे आणि आकडा वहीत लिहावा. तो चालताना लडखडला, भिंतीला धडकला, नजर हरवली, तर आकड्याची वाट न बघता हिरड्यांना मध चोळावा आणि डॉक्टरांकडे पळावे. मधाची बाटली मशीनच्या खणात आहे. ती कोणी खाऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दिले की नाही अशी शंका आली तर देऊ नये. एक वेळ चुकली तर साखर वाढते. दोनदा दिले गेले तर काही तासांत मांजर हातातून जाऊ शकते.

कलम ६. हे मला कसे कळले ते आता लिहितो. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

'इंजेक्शन' हा शब्द ऐकला की अस्तर कपाटाखाली शिरायचा. म्हणून धाकटीनेच युक्ती काढली. शिंप्याच्या घरात ज्या शब्दाला कोणी कान टवकारत नाही तो शब्द आम्ही घेतला. "बटण लावलं का?" "लावलं." झाले काम. वर्षभर सुरळीत चालले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वकीलसाहेबांचा काळा कोट साडेसातला द्यायचा होता, त्यांना कोर्टात उभे राहायचे होते. सात वाजता मी अस्तरला सुई दिली. धाकटी आंघोळीला गेली होती. मी कोट मांडीवर घेऊन बसलो. सव्वासातला तिने स्वयंपाकघरातून विचारले, "दादा, बटण लावलं का?"

माझ्या ओठात दोन टाचण्या होत्या आणि कोटाचे शेवटचे बटण हातात होते. मी म्हणालो, "राहिलंय अजून."

तिने जाऊन सुई दिली.

दहाच्या सुमारास अस्तर तिरका चालत आला आणि टेबलाच्या पायावर आपटला. मग आडवा पडला, पाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. साखर बघायच्या यंत्रावर आकडा आलाच नाही, नुसते 'लो' आले. धाकटी त्याच्या हिरड्यांना मध चोळत होती आणि मी तिच्या शेजारी उभा होतो. डॉक्टरांनी सलाईनमधून साखर चढवली. शुद्धीवर यायला त्याला चार तास लागले.

डॉक्टरांनी विचारले, "दोनदा दिलं गेलं का?"

धाकटी म्हणाली, "मी दिलं. हा म्हणाला, राहिलंय."

"मी असं काही म्हणालोच नाही," मी म्हणालो.

मला तेव्हा आठवत होते. टाचण्यांची चवसुद्धा आठवत होती. अस्तर मेला तर तो माझ्या शब्दाने मेला, हे मला सोसवणार नाही असे वाटले, आणि तोंडातून खोटे निघून गेले. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. मग डॉक्टरांना म्हणाली, "मग मलाच चुकीचं ऐकू आलं असेल."

पुढच्या आठवड्यात ती कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. "वयानं थोडं कमी ऐकू येतं म्हणाले," असे सांगून भाजी निवडायला बसली. तेव्हापासून मी तिच्याशी मोठ्याने बोलतो, आणि तिने सिरिंजला हात लावलेला नाही. मी दोन वर्षे दोन्ही वेळा एकटा देतो आहे.

तर मी लिहून देतो की मी 'राहिलंय' असे म्हणालो होतो. धाकटीने बरोबर ऐकले. खोटे मी बोललो.

कलम ७. माझी मोठी कात्री तिला द्यावी, पण तिने कागद कापले तर मला कळेल. इस्त्री आणि मशीन विकावे. फ्रिजवरच्या दोन वाट्या आणि दोन काळी बटणे विकू नयेत. त्या घटनेनंतर मी ही पद्धत ठेवली आहे. सुई दिली की एक बटण डावीकडून उजव्या वाटीत टाकायचे. सकाळचे एक, संध्याकाळचे एक. दुसऱ्या सकाळी दोन्ही परत डावीकडे.

गेल्या मंगळवारी सकाळी सातला मी फ्रिजपाशी आलो तर एक बटण उजवीकडे होते. आताच दिले होते, की बटणे परत ठेवताना कालचे एक तिकडेच राहिले होते? हातात सिरिंज घेऊन मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. शेवटी दिले नाही. संध्याकाळी आकडा चारशे बारा आला. डॉक्टर म्हणाले, "बरोबर केलंत." पण मला त्या दिवशी कळले की शुक्रवारी मी वाचलो तरी हे काम आता एका माणसाच्या भरवशावर टाकता येणार नाही.

कलम ८. हे कलम सहीच्या आधी वाढवले आहे.

काल दुपारी सहावे कलम धाकटीला वाचून दाखवले. मेल्यावर कबूल करणे म्हणजे दुसऱ्यांदा पळून जाणे झाले असते. ती मटार सोलत होती. माझे वाचून झाल्यावर तिने सालपटे एका बाजूला केली.

मग म्हणाली, "ओरडून वाचायची गरज नव्हती. कान चांगले आहेत माझे."

"पण डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर म्हणाले, विशीतल्या मुलीचे कान आहेत. घरी येऊन तुला ते सांगायला हवं होतं का?"

दोन वर्षे ती माझे ओरडणे ऐकून घेत होती.

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "एक्स्चेंजमध्ये नंबर परत म्हणून घेतल्याशिवाय मी कधी कुणाला जोडून दिलं नाही. घरात मात्र परत विचारलं नाही." मग टोपली उचलून आत गेली. अस्तर घेणार की नाही, त्यावर एक शब्द बोलली नाही. रात्रभर मला तेच लागून राहिले होते.

आज सकाळी सात वाजता मी वहीसमोर डोके धरून बसलो होतो. अस्तरचे खाणे झाले होते, आकडा लिहून झाला होता, पण सिरिंज मी अजून भरली नव्हती. स्वयंपाकघरातून आवाज आला.

"दादा, बटण लावलं का?"

दोन वर्षांत हा प्रश्न या घरात कोणी विचारला नव्हता.

"राहिलंय," मी म्हणालो.

ती दारात आली. माझ्या मांडीकडे बघितले, हाताकडे बघितले, आणि म्हणाली, "कोणतं?"

"अस्तरचं."

"अस्तरचं बटण राहिलंय," ती परत म्हणाली आणि हात धुवायला गेली.

वर लिहिलेले मी वाचले, मला समजले, ते माझेच आहे. आता कोणालाही बोलवावे, मी सही करतो.

सही : (शिंपी)

साक्षीदार १ : वकील. काळ्या कोटाचे मालक. कोटाची सर्व बटणे जागेवर असल्याचे त्यांनी सही करताना दाखवले.

साक्षीदार २ : प्राण्यांचे डॉक्टर.

धाकटीला या कागदाने लाभ होतो म्हणून तिची साक्ष चालत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. तिची सही वहीत घेतली आहे.

स्थळ : दुकान, मशीनसमोर.
दिनांक : ऑपरेशनच्या आदला दिवस, गुरुवार.

वहीतली नोंद : सकाळ, सात वाजून दहा मिनिटे. आकडा १८४. दोन रेघा. लाल टोपण. एक बटण उजव्या वाटीत. दिले : धाकटी.