बंद करू का?

१३ जानेवारी

आमच्या इंजिनिअरचं, एइनरचं काम त्याच्याच वाक्याने बुडवलं! हसू दाबताना माझी पुरेवाट झाली.

दूरच्या सर्व्हरवरची सेशन, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडक्या, आता माणसाऐवजी एआय एजंट उघडणार, चालवणार, बंद करणार — आमचं नवं साधन त्यासाठीच. ते कसं वापरायचं हे लिहिणारी मी. इतकी वर्षं माणसांसाठी लिहिलं. माणसं माझी पानं वाचत नाहीत, अडलं की चाळतात आणि मग मलाच फोन करतात. एजंट मात्र शब्दन् शब्द वाचतो आणि तसाच वागतो. असा वाचक जन्मात मिळाला नव्हता!

पण ‘आवराआवर’ हा भाग एइनरने हट्टाने स्वतः लिहिला. “स्क्रीन हलत नसेल तर सेशन रिकामं समज आणि बंद कर.” आणि स्वतः काय करतो? बंदरातल्या जुन्या जहाजांच्या नोंदी नव्या यंत्रणेत आणायचं काम — आठवडेच्या आठवडे खाणारं — एका सेशनमध्ये लावून देतो आणि खुशाल घरी जातो. सगळे इंजिनिअर हेच करतात. आत काम चालू, बाहेर स्क्रीन ढिम्म. एजंटने पान वाचलं, स्क्रीन पाहिली, सेशन बंद केलं. आता सगळं पहिल्यापासून!

“गाढव आहे तुझा एजंट.”

“गाढव नाही, आज्ञाधारक आहे. लिहिणारा कोण ते बघ.”

१४ जानेवारी

एइनरचं वाक्य उडवलं. माझं घातलं — “सेशन ज्याने उघडलं त्या मालकाच्या फोनवर विचार. त्याच्या होकाराशिवाय बंद करू नकोस. उत्तर आलं नाही तर दुसऱ्या सकाळी पुन्हा विचार. उत्तर आलं की आभार मान.”

एइनर मोठमोठ्याने वाचत सगळ्या ऑफिसभर फिरला. “आभार! लोर्ना यंत्राला संस्कार लावतेय! उद्या त्याला दारात बूट काढायला सांगेल!”

वॉरनला मात्र हसू आलं नाही. कंपनी त्याची, घाईही त्याचीच. “रोज सकाळी भुणभुण करणारं साधन कोण विकत घेईल? काढ ती ओळ.”

“मग पानावरून माझं नावही काढ.”

बोलून बसले! पण मागे हटणार नाही. शेवटी तडजोड — बाजारात येईपर्यंत ओळ राहणार. आमच्यातल्याच कोणाला तिचा वैताग आला तर जाणार. येऊ देत वैताग!

२० जानेवारी

एइनरने काम पुन्हा लावलंय. आता रोज सकाळी त्याच्या फोनवर — “एइनर, या सेशनमधलं काम संपलं का? बंद करू का?”

त्याची उत्तरं सगळ्यांना दिसतात. परवा — “नाही.” काल — “नाही, आणि उद्याही नाही.” आज — “आधी कॉफी, मग प्रश्न.” एजंटने आभार मानून सांगितलं, उद्या विचारीन. वॉरनसुद्धा हसला!

२७ जानेवारी

“सोल्वेगसुद्धा मला रोज इतके प्रश्न विचारत नाही. आणि ती माझी बायको आहे.”

मी म्हटलं, वैताग आला असेल तर वॉरनला सांग, ओळ जाईल. खांदे उडवले. “राहू दे. कोणीतरी विचारतंय.”

जिंकले! तो कधी कबूल करणार नाही, पण जिंकले.

३ फेब्रुवारी

रात्रभर बर्फ. सकाळी एजंटने विचारलं, उत्तर नाही. एइनर प्रश्न कधी लोंबकळत ठेवत नाही. चिडेल, टोमणा मारेल, पण उत्तर देईलच. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग घरी फोन केला. शेजारणीने उचलला. दारातला बर्फ ढकलताना कोसळला. हृदयाचा झटका. सोल्वेग इस्पितळात त्याच्यापाशी.

कितीदा सांगितलं होतं आम्ही, बर्फ काढायचं यंत्र घे म्हणून! “फावडं असताना?” — म्हणे.

५ फेब्रुवारी

बघून आले. नळ्या, पट्ट्या, डोळे मिटलेले. पण रंग चांगला आहे. डॉक्टर काही बोलत नाहीत — ते कधीच बोलत नाहीत. उठणार तो. या माणसाला न भांडता राहणं जमायचं नाही.

सोल्वेगला म्हटलं, त्याचा फोन रोज सकाळी वाजतोय, मी एजंटला सांगून थांबवते. तिने माझा हातच धरला. “नको गं. वाजला की कपाळाला आठी पडते त्याच्या. अगदी तश्शी! वाजू दे.”

गाडीत बसून रडले. मग हसलेही. आठी!

११ फेब्रुवारी

जहाजांचं काम संपलं! सगळ्या नोंदी आल्या, एक चूक नाही. सेशन उघडंच आहे. वॉरन म्हणाला, “आता तर बंद कर. ती जागा हवीय मला.”

“मालकाचा होकार नाही.”

“लोर्ना, तो शुद्धीवर नाहीये.”

“येईल. मग स्वतः हो म्हणेल. सोबत एक टोमणाही.”

वॉरनने दुसरं मशीन भाड्याने घेतलं. भला माणूस आहे, घाईत असला तरी.

संध्याकाळी सोल्वेगला ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश नेऊन दिलं. फोन त्याच्या उशाशीच असतो. रोज प्रश्न आला की ती त्याला मोठ्याने वाचून दाखवते. सेशन म्हणजे काय, विचारत होती. सांगितलं — त्याने लावून ठेवलेलं काम. तो येऊन हो म्हणेपर्यंत तसंच राहतं.

१४ फेब्रुवारी

आज बोट हललं म्हणे! मी सांगितलंच होतं. सोमवारी साधन बाजारात येतंय. ओळ पक्की — वॉरनने स्वतः सांगितलं. एइनर उठला की पहिली ही बातमी देणार. कसा तोंड वाकडं करतो, बघायचंय.

१६ फेब्रुवारी

आज सकाळी उत्तर आलं. एइनरच्या फोनवरून.

“मी सोल्वेग. तो पहाटे गेला. हो, आता बंद कर.”

एजंटने आभार मानले आणि सेशन बंद केलं. मी लिहिलंय तसंच.