आबांच्या बाजूची जाळी

सुलक्षणा,

मी पहिल्या एसटीनं सारोळ्याला चाललोय. मी चालवायला बसलो तर आबा गाडीत पाय ठेवायचे न्हाईत, आन आज त्यांचा पुण्याचा दवाखाना चुकवून चालणार न्हाई. मी पुण्याला ऱ्हायला जायचं काढल्यापास्नं ते लेकाशी बोलत न्हाईत. सुनंवर त्यांचा राग न्हाई. तवा गाडी तूच ने.

त्यांना लगेच बसवू नको. इंजिन तापल्याबिगर गरम हवा येत न्हाई, नुसती गार अंगावर येती. गाडी चालू करून ठेव, मग त्यांना घरातनं आण. गोल बटण लाल बाजूला फिरव आन हवा पायाकडं सोड. छातीवर आली की त्यांना ढास लागती. ट्रकामागं आन कात्रजच्या बोगद्यात वळत्या बाणाचं बटण दाब, म्हंजे भायेरचा धूर आत येत न्हाई. पुढं गेल्यावर ते आठवणीनं बंद कर, न्हाईतर काचांवर वाफ धरती आन त्यांचा जीव कोंडतो.

त्यांच्या बाजूची हवेची जाळी बंद होत न्हाई. गाडीच्या पूजेला त्यांनीच तिच्यात उदबत्त्या खोचल्या व्हत्या, तवा बंद करायची पट्टी वितळली. तिच्यावर टावेल टाक.

वाटंत माझं नाव काढू नको. पण ती जाळी अजून का बदलली न्हाई, असं त्यांनी इचारलं तर तेवढं माझं नाव घेऊन सांग, मेकॅनिक नवी घेऊन आला व्हता, गोरखनं बसवू दिली न्हाई.